बाबांच्या आवाजाचं पान

जावास्क्रिप्ट शिकवणाऱ्या मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या, "तुम्ही आत्तापर्यंत केलेली सगळी वेबपेजेस मुकी आहेत. नुसती बघायची आणि सोडून द्यायची. आता त्यांना बोलतं करायचंय." वर्ग हसला, कुणीतरी मागून शिट्टीही मारली. मला हसू आलं नाही. आदल्याच आठवड्यात मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की बाबांच्या गळ्यातलं स्वरयंत्र काढून टाकावं लागेल.

मी तेव्हा पनवेलच्या कॉलेजात आय.टी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही तिथल्याच कोळीवाड्यात राहायचो. आई इथलीच, बाजारात मासळी घेऊन बसायची. बाबा मूळचे करंज्याचे. लग्नानंतर ते इकडे राहायला आले, पण काम करंज्याच्या बंदरावरच ठेवलं. पहाटे बर्फाच्या टेम्पोत बसून जायचे आणि होड्या लागल्या की धक्क्यावर उभं राहून मासळीचा लिलाव पुकारायचे. भाव चढवत न्यायचा, कोण खरा घेणारा आणि कोण उगाच आव आणतोय ते ओळखायचं, आणि नेमक्या वेळी 'दिली' म्हणून विषय संपवायचा. सगळं काम आवाजावर. लहानपणी एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. धक्क्यावर एवढा गलका होता की शेजारच्या बाईचं बोलणं कळत नव्हतं, आणि त्या गलक्यावर बाबांचा एक 'बोला!' चढला की सगळी डोकी वळायची. मला असा काही अभिमान वाटला की परत येताना मी टेम्पोच्या ड्रायव्हरला दोनदा सांगितलं, ते माझे बाबा आहेत म्हणून. त्याला ते माहीतच होतं.

घरी मात्र ते हळू बोलायचे. आवाज कामासाठी राखून ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. घरात आई बोलायची, दोघांच्याही वाटचं.

बाबांचा आवाज बसला तेव्हा आधी काढे झाले, मग मध-हळद झाली, मग आईकडून तंबाखूवरून त्यांच्या जन्माचा उद्धार झाला. आवाज काही सुटेना. शेवटी मुंबई, तपासण्या, आणि गणपती झाल्यावर ऑपरेशन. डॉक्टर समजावून सांगत होते तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "म्हंजे मंग माजं काम?" डॉक्टर कागदावर लिहीत राहिले. माझा त्या माणसावर जो राग बसला तो अजून पुरता गेलेला नाही. त्यांची काही चूक नव्हती, हे मला कळतं.

तर जावास्क्रिप्ट. आता पोरं ती घरबसल्या शिकतात, तेव्हा आमच्या लॅबमध्ये एका मशीनवर दोघी बसायच्या. नोटपॅडमध्ये टाइप करायचं, सेव्ह करायचं, ब्राउझरमध्ये उघडायचं. चूक झाली की पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण यायचा आणि बाकी काही व्हायचं नाही. कुठे चुकलं हे तो धड सांगायचा नाही. एक कंस बंद करायचा राहिला, एका ठिकाणी छोट्या अक्षराऐवजी मोठं अक्षर पडलं, की बसला त्रिकोण. त्यातून जर्नलमध्ये सगळे प्रोग्रॅम पेनने उतरवून काढायचे आणि पडद्यावर येणारी चौकट पट्टीने आखून पेन्सिलीने काढायची, तिच्यातल्या 'ओके'च्या बटणासकट. मी चिडून एकदा मॅडमना म्हटलं, "हे पेन्सिलीचं बटण दाबलं तर काय होणार आहे?" त्या म्हणाल्या, "मार्क मिळतील."

मॅडम कडक होत्या, पण माझ्यावर त्यांची एक प्रकारची माया होती. पहिल्या वर्षी मी वर्गात उत्तर देताना 'नाय' म्हणाले होते आणि सगळे हसले होते. त्यानंतर मी असा काही हट्टाने माझा 'नाही' घासूनपुसून घेतला, की वर्षभरात माझ्या तोंडून 'आमी' नि 'तुमी' निघेनासं झालं. कॉलेजातून कोळीवाड्याच्या वळणावर आले तरी मी शुद्धच बोलत असायची. आई म्हणायची, "मास्तरीन आली." तिला त्याचं कौतुकच होतं.

फंक्शन शिकवताना मॅडमनी सांगितलं, की ते वर लिहून ठेवलं तरी नुसतं पडून राहतं. कुणीतरी त्याला हाक मारली, बटण दाबलं, की मगच ते जागं होतं. तासाच्या शेवटी मी त्यांना विचारलं, बटण दाबल्यावर चौकट यायच्या ऐवजी आवाज येईल का? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, कारण विचारतील. विचारलं नाही. फळ्यावर दोन ओळी लिहून दिल्या. पानावर आवाजाची एक जागा करायची, आणि बटण दाबलं की त्या जागी हवी ती फाईल नेऊन ठेवायची. एवढंच होतं ते. एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि घरी जाताना मी जवळजवळ पळत गेले.

बाबांचा आवाज जायच्या आत भरून ठेवायचा. मग ऑपरेशननंतर ते बटणं दाबतील आणि त्यांचाच आवाज त्यांच्यासाठी बोलेल. पाणी मागेल, चहा मागेल. मुकं पान बोलेल आणि बाबाही बोलतील. मला वाटलं, मी बाबांना वाचवतेय. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला असं वाटू शकतं.

मामाने त्याच्या ऑफिसातून निघालेला एक जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. तो बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात टेबलावर होता, आणि आई त्याच्यावर शालीचा तुकडा घालून ठेवायची. एका रविवारी दुपारी मी बाबांना त्याच्यापुढे बसवलं, हातात माइक दिला. बोलायची वाक्यं मी आधीच मोठ्या अक्षरात लिहिली होती. 'मला पाणी हवे आहे.' 'मला चहा हवा आहे.' 'कृपया दिवा बंद करा.' 'कृपया पंखा लावा.' 'मला बरे वाटत नाही.' अशी.

बाबांनी कागद हातात घेऊन वाचला आणि आईकडे बघितलं. "असं बोलाचं?"

"मंग कसं? कॉम्प्युटर हाय तो," आई म्हणाली. "सुद्द बोला. उद्या तिचे मास्तर आयकतील."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या तिघांच्याही मनात तेच होतं. कॉम्प्युटर म्हणजे शिकलेल्यांची वस्तू, त्याच्यापुढे आपण आपलं 'पानी दे गो' कसं म्हणायचं? लग्नाच्या पत्रिकेत छापतात तशी भाषा तिथे हवी. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. खरंच लावलं. फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसले आणि एकेक शब्द सुटा करून वाचायला लागले.

मधेमधे खोकला यायचा. कधी बाहेरून शेजारच्या आत्याबाई हाक मारायच्या, कधी आईचा कुकर शिट्टी द्यायचा आणि आईच ओरडायची, "थांबा, थांबा, परत घ्या!" बाबा मधेच मला विचारायचे, "जालं चालू?" मी मानेने हो म्हणायची. मग घसा साफ करून, "मला पाणी हवे आहे."

शेवटी त्यांनी कागद खाली ठेवला आणि जरा लाजत म्हणाले, "लिलावाचा पन घेऊ काय एक? 'बोला' म्हनून?"

"घरात लिलाव कशाला?" आई हसली. मी म्हटलं, घेऊ की. पण तेवढ्यात त्यांना उबळ आली, चेहरा लालबुंद झाला. ते हाताने म्हणाले, उद्या.

उद्या झालं नाही. सोमवारी त्यांना श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, आणि हॉस्पिटलने गणपतीची वाट न बघता दाखल करून घेतलं.

ते दाखल होते त्या दिवसांत मी ते पान बांधलं. घरी बसून दुसरं काही सुचत नव्हतं. मराठी अक्षरं पानावर उमटवायची मला येत नव्हती, प्रत्येक अक्षराच्या जागी चौकोन यायचे, म्हणून बटणांवर मी माउसने चित्रं काढली. पेला, कप, दिवा. पंखा काढला तो फुलासारखा दिसायला लागला. मग आवाजाच्या फाईली. लॅबमध्ये व्हायरसच्या भीतीने पेनड्राइव्हला बंदी होती, सगळं फ्लॉपीत बसवावं लागायचं, आणि फ्लॉपीत जागा ती किती! शिवाय मॅडम म्हणाल्या होत्या, की बटण दाबल्याबरोबर आवाज यायला हवा, मधे रेंगाळायला नको. म्हणून मी एकेक फाईल उघडून पुढचं-मागचं छाटलं. खोकला छाटला. कुकरची शिट्टी छाटली. आत्याबाई, आई, 'जालं चालू?' ही सगळी छाटली आणि फाईल त्याच नावाने पुन्हा सेव्ह केली, म्हणजे आधीचं पुसलं गेलं. सगळे असंच करायचे. स्वच्छ, नेटकं वाक्य तेवढं ठेवलं. मला माझ्या कामाचं मोठं समाधान वाटलं.

बाबा घरी आले ते गळ्याच्या मध्ये भोक आणि त्याच्यावर बांधलेला पांढरा रुमाल घेऊन. श्वास तिथून जायचा-यायचा. ओठ हलायचे आणि काही ऐकू यायचं नाही. मी त्यांना हाताला धरून कॉम्प्युटरपुढे नेलं. त्यांनी बोटाने पेल्याचं चित्र दाखवलं, मी माउस त्यांच्या हाताखाली धरला, त्यांनी दाबलं.

"मला पाणी हवे आहे."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने आधी बाबांकडे बघितलं, मग पडद्याकडे. "कोन हा सायेब आला घरात?" ती म्हणाली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. ती पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

मला तेव्हा कळलं. आवाज बाबांचाच होता, पण ते बाबा नव्हते. आमच्या घरात कुणी कधी 'हवे आहे' म्हटलं नव्हतं. पाणी लागलं की बाबा म्हणायचे, "पानी आन गो," आणि त्या 'गो'मध्ये कधी लाड असायचा, कधी दमणूक, कधी रागही. ते आता कुठेच नव्हतं. मी सगळ्या जगात शोधलं असतं तरी मिळालं नसतं. मी जपून ठेवला होता तो परक्या घरी पाहुणा आलेला एक सभ्य गृहस्थ.

तरी बाबा ते पान वापरायचे. खरं तर त्याचा उपयोग काही नव्हता. पाणी मागायला कॉम्प्युटरपर्यंत जायचं, तो सुरू व्हायची वाट बघायची, त्यापेक्षा माठ जवळ होता. दिवसभर ते टाळी वाजवून नाहीतर चमच्याने पेल्यावर ठोकून आईला बोलवायचे, आणि आई ओठांवरून सगळं ओळखायची. पण मी कॉलेजातून घरी आले, चपला काढल्या, की ते उठायचे. शाल बाजूला करून कॉम्प्युटर चालू करायचे, उभ्या उभ्या वाट बघायचे आणि कपाचं बटण दाबायचे. "मला चहा हवा आहे." मग माझ्याकडे बघायचे. ते माझ्यासाठी होतं, हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते. मी चहा करायला आत जायची आणि ओट्यापाशी उभी राहून रडायची, मग साखर घालायची.

प्रॅक्टिकल परीक्षेला मी तेच पान प्रोजेक्ट म्हणून ठेवलं. बाकीच्यांनी कॅल्क्युलेटर केले होते, नाव-पत्ता तपासणारे फॉर्म केले होते. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले होते. त्यांनी पेल्याचं बटण दाबलं. काही झालं नाही. कपाचं दाबलं. काही नाही. आमच्या लॅबच्या मशीनना स्पीकर नव्हतेच.

"चालत नाही हे," ते म्हणाले.

"सर, वाजतंय," मी म्हटलं. "ऐकू येत नाहीये."

ते हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. "मग वाजतंय हे कसं कळणार?" मला एकाएकी असं वाटलं, की या माणसाने माझ्या बाबांकडे बोट दाखवून विचारलंय. मॅडम मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, कोड उघडून दाखवला, फाईल कुठे आहे, फंक्शन तिला कसं उचलतं ते त्यांनी सांगितलं. परीक्षकांनी मान डोलावली आणि जावा नि जावास्क्रिप्ट यांत फरक काय ते मला विचारलं. तो प्रश्न सगळ्यांनाच विचारायचे. मी पाठ केलेलं उत्तर दिलं. मार्क चांगले मिळाले.

थंडी गेली. शिमगा जवळ आला तशी कोळीवाड्यात पोरांची होळीची धावपळ सुरू झाली, आणि एका दुपारी अचानक असं उकडायला लागलं की बसवेना. आई बाजारातून येऊन फरशीवर पाय पसरून बसली होती, मी पुस्तक घेऊन पडले होते. बाबा कॉम्प्युटरपुढे होते. हल्ली ते उगाच त्याच्यावर पत्ते खेळत बसायचे. त्यांनी आमचं पान उघडलं, त्या फुलासारख्या दिसणाऱ्या चित्रावर आले, माझ्याकडे वळून बोट गरागरा फिरवून दाखवलं, पंखा का हा? मी हो म्हटलं. त्यांनी दाबलं.

आधी नुसती खरखर झाली. कुठेतरी भांडं वाजलं. आणि मग, अगदी जवळ, कानाशी आल्यासारखा बाबांचा आवाज आला, हळू, घरातला, जरा भ्यालेला.

"आता बोलू काय गो?"

आणि थोडं थांबून, ताठ होऊन, "कृपया पंखा लावा."

ती एक फाईल छाटायची राहून गेली होती. आधी पाऊस, मग थंडी, पंख्याचं बटण कुणी दाबलंच नव्हतं.

आईचा हात पदराने वारा घेता घेता तसाच थांबला. बाबांनी पुन्हा दाबलं. "आता बोलू काय गो?" पुन्हा दाबलं. गळ्यावरचा रुमाल भराभर वर-खाली व्हायला लागला. ते हसतायत का रडतायत हे मला कळेना, कारण दोन्हीला आता आवाज नव्हता. मग त्यांनी आईकडे बोट केलं आणि स्वतःच्या छातीवर थोपटलं, मी आहे हा, मी. आई म्हणाली, "हां, तुमीच हाव. वळखला मी." तिने उठून त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, तापल्या पोराच्या डोक्यावरून फिरवतात तसा. आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की मी थोडंसं तरी वाचवलंय, तेही न कळता.

बाबा पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता गेले. माझं शेवटचं वर्ष होतं. रोग पुन्हा उलटला होता, आणि अखेरीला ते कॉम्प्युटरपर्यंत उठूनही येऊ शकत नव्हते. त्यांनी जाताना काही सांगितलं का, असं लोक आईला विचारत. काय हा प्रश्न! पण लोक विचारतात.

मी पुढे याच धंद्यात नोकरीला लागले. जावास्क्रिप्ट आता ओळखू येणार नाही इतकी बदलली आहे. आवाज वाजवायची ती जुनी युक्ती आता चालतही नाही. मामाचा तो कॉम्प्युटर मात्र आईने काढू दिला नाही. तो काढू म्हटलं की ती म्हणायची, "तुला काय खातंय तो?" मी वाद घातला नाही. दर सुट्टीला मी त्याची धूळ काढायची, तो सुरू होतोय ना ते बघायची आणि शाल पुन्हा घालायची.

एका डिसेंबरात मी घरी होते. गारठा होता, पनवेलला पडतो त्या मानाने बराच. मी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडले होते, आणि बाहेर कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, आई पुसतेय. दारातून बघितलं तर ती टेबलापुढे उभी होती. चष्मा लावून, माउस दोन्ही हातांनी धरून तिने ते फूल शोधलं आणि दाबलं.

खरखर. भांडं. "आता बोलू काय गो?"

"बोला ना," आई म्हणाली. "कोन नाय म्हनतंय तुमाला?"

बाबा विचारतायत ते आपल्याला, असंच ती इतकी वर्षं समजत होती. 'गो' मला होता, हे मी तिला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगणारही नाही. ती पडद्याकडे बघत थांबली.

"कृपया पंखा लावा."

आई वळली, भिंतीपाशी गेली, आणि त्या थंडीत तिने पंखा लावला. मग डोक्यावरून पदर घट्ट गुंडाळून ती त्या पंख्याखाली खुर्ची ओढून बसली.